आच आणि ऊब

घरासाठी ड्रिप कॉफीमेकर घ्यावयाचा तर भांडे काचेचे असावे, त्याखाली तापणारी तबकडी असावी, आणि थर्मासचे भांडे हे निव्वळ चोचले समजावेत, असा निकाल आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी गेल्या संक्रांतीच्या बैठकीत, तिळगूळ हातावर ठेवता ठेवता, देऊन टाकला. क्लीव्हलंडच्या परिसरात चाळीस वर्षे संसार केलेल्या या गृहस्थांच्या शब्दाला आम्हां मराठी मंडळींत मोठे वजन आहे. मोटार कोणती घ्यावी येथपासून मुलांना कोणत्या शाळेत घालावे येथपर्यंत त्यांची सल्लामसलत घेतली जाते, आणि ती बहुधा योग्यच ठरते. त्यामुळे पुढच्याच आठवड्यात दोन तरुण बिऱ्हाडांनी काचेच्या भांड्याची यंत्रे घरी आणली. मामला कॉफीचा असला, तरी ती रोज पहाटे घरोघर होणारी गोष्ट आहे, आणि घरात एकदा आलेले यंत्र दहा-दहा वर्षे ओट्यावरून हलत नाही. सबब या निकालाविरुद्ध माझी कैफियत सविस्तर मांडणे मला अगत्याचे वाटते.

खंडन करावयाचे तर पूर्वपक्ष आधी त्याच्या संपूर्ण बळानिशी मांडावा, ही आपल्याकडील वादाची जुनी शिस्त आहे. स्नेह्यांचे म्हणणे असे की, तबकडी कॉफीला उष्णता देत राहते, तर थर्मास फक्त तिचे निवणे लांबणीवर टाकतो, आणि देणारा हा केव्हाही राखणाऱ्याहून श्रेष्ठ; काचेतून किती कॉफी उरली ते दिसते, पोलादातून दिसत नाही; काचेच्या भांड्यात हात घालून ते घासता येते, थर्मासच्या अरुंद गळ्यात बोटेही जात नाहीत; थर्मासचे झाकण गळते आणि शेवटचा पेला आतच अडकून बसतो; आपल्या आज्या-पणज्या चुलीच्या वैलावर भांडे ठेवून सकाळची आमटी दुपारपर्यंत गरम राखीत, तेव्हा तबकडी ही आपल्याच परंपरेतली आहे; आणि शेवटी, ज्या डच यंत्राची सारे जाणकार तारीफ करतात तेही काचेच्या भांड्यासह विकले जातेच. यातील दोन-तीन हरकती खऱ्या आहेत आणि त्या मी मान्यही करणार आहे. परंतु ज्या एका गृहीतावर हा सारा डोलारा उभा आहे, ते गृहीतच चुकीचे आहे. कॉफीला आच एकदाच लागते. नंतर हवी असते ती ऊब. या दोहोंतला भेद ज्याने ओळखला नाही, त्याने ड्रिप यंत्राचे मर्मच ओळखले नाही.

हे मर्म कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९०८ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथे मेलिटा बेंट्झ नावाच्या एका गृहिणीने पितळेच्या भांड्याच्या तळाला खिळ्याने भोके पाडली, मुलाच्या शाळेच्या वहीतला टीपकागद त्यात बसवला, त्यावर कॉफीची पूड घालून गरम पाणी ओतले, आणि खाली उतरलेल्या निवळ कॉफीत गाळही नाही व कडवटपणाही नाही असे पाहून त्याच वर्षी त्या युक्तीचा हक्क आपल्या नावे नोंदवून घेतला. तिची तक्रार होती ती कॉफी पुडीसकट उकळत ठेवण्याविरुद्ध. १९५४ साली गॉटलोब विडमान या जर्मन गृहस्थाने याच क्रियेला विजेची जोड देऊन ‘विगोमाट’ हे यंत्र सिद्ध केले. आणि अमेरिकेत, आमच्या याच क्लीव्हलंडमध्ये, व्हिन्सेंट मारोटा आणि सॅम्युएल ग्लेझर या दोघांनी १९७२ साली ‘मिस्टर कॉफी’ बाजारात आणले. तोवर अमेरिकन घरात पर्कोलेटरचे राज्य होते. पर्कोलेटरमध्ये तयार झालेली कॉफीच पुन्हा पुन्हा नळीतून वर चढून त्याच पुडीवरून ओघळते, म्हणजे आधीच उकळलेल्याला फिरून उकळते. बेसबॉलमधला थोर खेळाडू जो डिमॅजिओ याच्या जाहिरातींनी ‘मिस्टर कॉफी’ घरोघर पोहोचवले हे खरे; परंतु ते स्वयंपाकघरात टिकले ते पाणी पुडीवरून एकदाच जाते आणि झालेली कॉफी फिरून उकळली जात नाही, या गुणावर. असे असता, वरून एकदाच उतरलेल्या त्या कॉफीच्या बुडाखाली तबकडी पेटती ठेवणे म्हणजे ज्या दोषापायी पर्कोलेटरला घराबाहेर काढले तोच दोष दुसऱ्या दाराने आत घेणे होय.

हा दोष जिभेवर नेमका कसा येतो, त्याचा खुलासा रसायनशास्त्रात आहे. कॉफीच्या बीत क्लोरोजेनिक नावाची आम्ले विपुल असतात. बी भाजताना त्यांतील काहींची लॅक्टोने बनतात आणि कॉफीचा सौम्य, सुखद कडूपणा पुष्कळ अंशी त्यांच्यामुळे येतो. पेय गरम राहिले की पाण्याच्या संगतीत ही लॅक्टोने फिरून आम्लांत मोडतात, क्लोरोजेनिक आम्लांतून क्विनिक आणि कॅफेइक आम्ले सुटी होतात, आणि पेय तासातासाने आंबट, तुरट व घशाला ओरखडा काढणारे होते. सुवास तर त्याही आधी उडून जातो, कारण सुवासाचे घटक स्वभावतःच बाष्पशील असतात आणि तापल्या भांड्याच्या सैल झाकणातून ते वाट काढतात. त्यात तबकडीवर पाण्याचीही वाफ होते, म्हणून उरलेली कॉफी दाटही होत जाते. मी नोकरीस लागलो त्या कचेरीत एका कोपऱ्यात अशी दोन काचेची भांडी सकाळी आठपासून तबकड्यांवर बसलेली असत. काळ्या मुठीचे साध्या कॉफीचे, नारिंगी मुठीचे कॅफीन काढून टाकलेल्या कॉफीचे. दुपारी तीनला त्या काचेच्या आत, पेय उतरत गेले तसतशी, एकाखाली एक तपकिरी कडी उमटलेली असत, आणि तळाशी उरलेल्या दोन बोटे कॉफीचा करपट वास जिन्यापर्यंत येई. अमेरिकन कॉफी वाईट असते असा जो समज आपल्यापैकी अनेकांनी पहिल्या वर्षीच करून घेतला आणि जन्मभर बाळगला, त्याला जबाबदार त्या देशाची कॉफी नसून ती तबकडी होती, असे माझे ठाम मत आहे.

येथे चतुर वाचक हरकत घेईल की, थर्मासमध्येही कॉफी गरमच असते, मग हीच मोडतोड तेथे का होणार नाही? होते, हे मी कबूल करतो. थर्मास काही अमरत्व देत नाही. परंतु तेथे बाहेरून नवी उष्णता येत नाही, तपमान हळूहळू उतरत जाते आणि त्याबरोबर त्या क्रियाही मंदावत जातात. झाकण घट्ट असल्याने सुवास कोंडलेला राहतो आणि पाणी उडून जात नाही. आणि पेय ज्याला चिकटून करपेल असा तप्त तळ तेथे नसतो. तबकडीवर अर्ध्या तासात जे बिघडते ते थर्मासमध्ये दोन तास धीर धरते. दोन तासांनंतर मात्र कॉफी नवी करावी, हेच मीही सांगेन.

आता वैलाचा दाखला. स्नेह्यांच्या युक्तिवादातला हा भाग ऐकणाऱ्यांच्या मनाला सर्वांत अधिक भिडला, कारण त्यात आजीच्या स्वयंपाकघराची आठवण आहे. पण त्याच आजीने वैलावर काय ठेवले आणि काय ठेवले नाही, हेही आठवून पाहावे. आमटी, वरण, आंघोळीचे पाणी, दूध, हे वैलावर असे. दूध मंद आचेवर आटले तर बासुंदी होते, आमटी मुरली तर अधिक चविष्ट होते. काही पदार्थांना आचेचा सहवास मानवतो. परंतु सकाळचा चहा वैलावर ठेवून दुपारी पाहुण्याच्या पुढे करणारी गृहिणी मला कोणी दाखवावी! दारी आलेल्याला पुन्हा तापवलेला चहा देणे हा आपल्याकडे अपमान समजला जातो, आणि शिळ्या कढीला ऊत आणणे हा वाक्प्रचार आपण कौतुकाने वापरीत नाही. उलट, आच न लावता ऊब राखण्याची कलाही त्याच स्वयंपाकघरात होती: थंडीच्या दिवसांत विरजण लावलेले पातेले घोंगडीत गुंडाळून फडताळात ठेवीत, आणि सकाळी दही घट्ट लागलेले असे. थर्मास हा त्या घोंगडीचा वंशज आहे. परंपरेची साक्ष काढावयाची तर ती माझ्या बाजूने निघते.

ही घोंगडी कशी काम करते ते थोडक्यात सांगतो, कारण थर्मासचे गुण आणि दोष दोन्ही त्याच रचनेतून उगवतात. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर याने १८९२ च्या सुमारास अतिशीत द्रवरूप वायू राखण्यासाठी दुहेरी भिंतीचे भांडे तयार केले आणि दोन भिंतींमधील हवा काढून घेतली. उष्णता एका पदार्थातून दुसऱ्यात जावयाची तर मध्ये काहीतरी पदार्थ हवा. निर्वात पोकळीत तिला पायवाटच उरत नाही. किरणांच्या रूपाने जी निसटू पाहते तिला चकचकीत भिंत परत फिरवते. उरतो एकच रस्ता, तो म्हणजे गळा आणि झाकण. म्हणूनच गळा अरुंद ठेवावा लागतो. आणि गळा अरुंद म्हणूनच आत हात जात नाही. स्नेह्यांची तक्रार खरी आहे. पण ज्या गळ्याने हाताला मज्जाव केला त्यानेच उष्णतेलाही केला आहे.

घासण्याची अडचण मात्र उपायाबाहेरची नव्हे. कॉफीतील तेले पोलादाला चिकटून कालांतराने काळपट थर धरतात आणि नवी कॉफीही जुनाट वासाची लागते, हे खरे. रोज वापर झाल्याबरोबर गरम पाण्याने विसळून भांडे उघडे पालथे घालावे. आठवड्यातून एकदा खाण्याचा सोडा आणि कढत पाणी घालून रात्रभर ठेवावे आणि सकाळी लांब दांड्याचा ब्रश फिरवावा. एवढ्या देखभालीला जो कंटाळेल, त्याच्या काचेच्या भांड्याच्या तळाशीही करपलेला डाग असतोच, आणि तो घासणे याहून सोपे नसते.

झाकणाची तक्रार तर मी स्वतः भोगलेली आहे. माझे पहिले थर्मासचे यंत्र ज्या कंपनीचे होते तिच्या झाकणाची चोच इतकी आखूड होती की कॉफी पेल्यात जाण्याऐवजी भांड्याच्या पोटावरून ओघळून टेबलावर पसरे, आणि शेवटचा पेला घेण्यास भांडे जवळजवळ उलटे करावे लागे. पण एका बेढब झाकणापायी थर्मासची जातच टाकून देणे म्हणजे एका नाठाळ घोड्यापायी पागाच मोडून टाकणे होय. झाकण पारखून घ्यावे. यंत्र घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी साधे पाणी भरून ओतून पाहावे: धार सलग पडते की थबकते, थेंब चोचीवरून मागे वळतो का, तळाशी किती उरते. झाकणाचे भाग सुटे करून धुता येतात का ते पाहावे. ज्या झाकणातून कॉफी थेट आत उतरते त्याला तळापर्यंत जाणारी नळी असली तर उत्तम, कारण पहिल्या मिनिटाची कॉफी दाट आणि शेवटची पातळ असते, आणि नळी त्यांचे मिश्रण आपोआप करते. नळी नसेल तर ओतण्यापूर्वी भांडे हलकेच गोल फिरवावे. शेवटी उकळते पाणी भरून पाव तासाने बाहेरून हात लावावा. भिंत तापली असेल तर पोकळीत हवा शिरली आहे. ते भांडे तत्काळ परत करावे.

थर्मासमधली कॉफी कोमट असते, ही तक्रार मात्र मी अधिक बारकाईने तपासली आहे, कारण ती सर्वांच्या तोंडी आहे. आतली भिंत थंडगार असली तर ती स्वतः तापण्यासाठी कॉफीतूनच उष्णता घेते. समजा, ती भिंत ३०० ग्रॅम पोलादाची आहे. लिटरभर कॉफी तिच्यामुळे फार तर दोन अंशांनी उतरेल. पण दोनच पेले, म्हणजे ३०० मिलिलिटर, केले तर तीच कॉफी सहा-सात अंशांनी उतरते. म्हणून दोन नियम: कॉफी करण्यापूर्वी भांड्यात कढत पाणी घालून ते पाच मिनिटे ऊन करून घ्यावे, आणि आपण रोज जेवढी कॉफी पितो तेवढ्याच मापाचे भांडे घ्यावे. दोघांच्या बिऱ्हाडाने बारा पेल्यांचे यंत्र घेतले की ते रोज पाव भरते आणि रोज कोमट देते. येथे एका पेल्याचे माप १४८ मिलिलिटर धरतात, हेही ध्यानात असू द्यावे. आपल्या घरातले मोठे मग तीनशेच्या घरातले असतात, म्हणजे ‘बारा पेले’ हे खरोखर सहा मग.

याहून मोठा गुन्हेगार मात्र निराळाच आहे. आपल्यापैकी बहुतेकजण कॉफीत फ्रिजमधले दूध थेट ओततात. ७५ अंशांच्या १५० मिलिलिटर कॉफीत चार अंशांचे ५० मिलिलिटर दूध पडले की पेला ५७ अंशांवर येतो. एका क्षणात अठरा अंश गेले, आणि नाव मात्र थर्मासचे बद्दू झाले! दूध वेगळे तापवावे, जायफळ आवडत असेल तर ते त्या दुधात किसावे, आणि मग पेल्यात दोन्ही एकत्र करावीत. दूध घातलेली कॉफी भांड्यात कधीही साठवू नये. आणि ज्यांना जीभ भाजेल इतके गरमच पेय हवे असते, त्यांना मी कळकळीने सांगतो की, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंशांहून अधिक गरम पेये पिण्याची सवय ही बहुधा कर्करोगास कारण होणाऱ्या गोष्टींत नोंदवली आहे. चांगला, ऊन करून घेतलेला, भरलेला थर्मास तासाभरानंतरही या मर्यादेच्या वरच असतो. त्याहून अधिक उष्णतेची मागणी करण्यात शहाणपण नाही.

राहिला डच यंत्राचा मुद्दा. गेरार्ड-क्लेमेंट स्मिट यांच्या टेक्निव्होर्म कंपनीचे ‘मोक्कामास्टर’ १९६८ पासून नेदरलंड्समध्ये बनते आणि ते दोन्ही प्रकारच्या भांड्यांसह मिळते, हे बरोबर आहे. परंतु त्याच्या काचेच्या प्रकारातली तबकडी शंभर मिनिटांनी आपोआप बंद होते. म्हणजे ज्यांनी ती बसवली त्यांनीच तिच्या कारभाराला मुदत घालून दिली आहे. जे घर वीस मिनिटांत सारी कॉफी संपवते त्याने काच खुशाल घ्यावी. तेथे तबकडीला नुकसान करण्यास अवधीच मिळत नाही. माझा वाद आहे तो ज्या घरी माणसे एकाच वेळी उठत नाहीत त्या घरांच्या वतीने. आणि आमच्यातली बहुतेक घरे आज अशीच आहेत.

आणि स्नेह्यांनी ज्याला स्पर्शही केला नाही ती गोष्ट शेवटी सांगितली पाहिजे. भांडे कितीही चांगले असले तरी ते आलेली कॉफीच राखील, वाईट कॉफीची चांगली करणार नाही. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेतील अर्ल लॉकहार्ट यांनी १९५० च्या दशकात मोजमाप करून दाखवले की पुडीतील १८ ते २२ टक्के अंश पाण्यात उतरला तर कॉफी समतोल लागते. त्यासाठी लिटरला सुमारे ५५ ग्रॅम पूड, ९२ ते ९६ अंशांचे पाणी आणि चार ते आठ मिनिटांचा अवधी लागतो. आता सव्वा लिटर पाणी २० अंशांवरून ९३ अंशांवर न्यावयाचे तर सुमारे ३८० किलोज्यूल उष्णता पाहिजे. ती पाच मिनिटांत द्यावयाची तर पावणेतेराशे वॅटच्या आसपास शक्ती हवी. नऊशे वॅटच्या यंत्राला, कोठेही काहीही वाया गेले नाही असे धरले तरी, सात मिनिटे लागतात. म्हणून दुकानात घड्याळ, दिवे आणि बटणे पाहत न बसता यंत्र सरळ पालथे करावे आणि तळाच्या पट्टीवरचा वॅटचा आकडा वाचावा. मोठे भांडे आणि लहान आकडा ही जोडी दिसली की ते यंत्र जागच्या जागी ठेवून द्यावे. थर्मासपायी पडणारे चार पैसे अधिक द्यावेत. वेळेवर आपोआप सुरू होणाऱ्या घड्याळापायी देऊ नयेत, कारण रात्री दळून ठेवलेली पूड सकाळपर्यंत आपला बराच सुवास हवेला देऊन बसलेली असते.

हा वाद मी इतक्या अगत्याने का लढवतो, तेही सांगतो. माझी पत्नी कित्येक वर्षे रुग्णालयात पहाटेच्या पाळीवर जात असे. साडेपाचला ती यंत्र लावी, उभ्या उभ्या एक पेला घेई, उरलेली माझ्यासाठी ठेवी आणि बर्फ झाडून मोटार काढी. मी सातला उठे. त्या दीड तासात तबकडीवर त्या कॉफीची काय दशा झालेली असे हे वर सांगितलेच आहे. मी ती कॉफी मोरीत ओतून दुसरी करीत असे, आणि ही गोष्ट मी तिला कधी सांगितली नाही. थर्मासचे भांडे आले त्या हिवाळ्यात पहिल्या दिवशी सातला झाकण उघडले तेव्हा, साडेपाचला स्वयंपाकघरात दरवळला असेल तोच वास वर आला. तिने प्यालेली कॉफीच मी प्यालो. संध्याकाळी ती घरी आल्यावर, इतक्या वर्षांत प्रथमच, कॉफी चांगली झाली होती असे मी तिला सांगितले, आणि ते खरे होते.

स्नेह्यांना माझी विनंती एवढीच की, निकाल कायम करण्यापूर्वी त्यांनी एखाद्या रविवारी आमच्याकडे यावे. कॉफी ते निघण्यापूर्वीच झालेली असेल. दूध मात्र मी ते दारात आल्यावर तापवीन.